शेवटची पानं

साहित्य माणसाला मोठं करतं, असं पुंडलिकराव मास्तर राळेगावच्या प्रत्येक सभेत सांगत. घरी बायको, विमलताई, कॉलेजच्या पोरापोरींची प्रेमकथा वाचताना दिसली, तेव्हा मात्र पाहुण्यांपुढे खदाखदा हसले. "पन्नाशीत हे वाचाले लाज नाही वाटत वं तुले?"

व्यापाऱ्यांनी भाव पाडला, म्हणून मास्तर कापसाची गाडी घेऊन सरकारी खरेदी केंद्रावर तीन दिवस रांगेत थांबले. विमलताईंनी डब्याच्या पिशवीत तीच कादंबरी सरकवून दिली होती.

परतल्यावर चपला न काढताच त्यांनी विचारलं, "शेवटची पानं काहून फाडली वं? त्या पोरीनं होकार देल्ला का नाही?"

"नाही सांगत. साठीत विचाराले लाज नाही वाटत?"

मास्तर दोन दिवस धड जेवले नाहीत. विमलताई मात्र पुन्हा पुन्हा वाढून घेत होत्या.

शेवट त्यांनाही माहीत नव्हता. वाचनालयातून पुस्तक आलं तेव्हाच ती पानं नव्हती.