चुलीमागे दोन पायल्या

गल्लीतली नववी ओली चूल पाहिली तेव्हा वामनराव कारकुनांना हसू आवरेना. माती अजून बोटाला लागत होती. आत राखेचा कण नाही, वर तव्याचा पत्ता नाही, आणि घरधनी मात्र छाती पुढे काढून सांगत होता, "आमी दोघं भाऊ कवाचेच येगळे झालो सायेब!" मागे उभा असलेला भाऊ मान डोलवत होता.

वामनरावांनी मुकाट्याने दोन चुली लिहिल्या. करतात काय बापडे! विलायतेत रुईला भाव चढला तसा साऱ्या वऱ्हाडाने ज्वारी कमी करून कापूस पेरला. वावरवाल्यांच्या घरी चांदी आली, मजुराच्या घरची भाकर महागली. अकोल्याच्या साहेबांनी व्यापाऱ्यांकडून धान्य गोळा केलं आणि वामनरावांना तेल्हाऱ्याला धाडलं. गरीब घरांत जाऊन चुली मोजायच्या. दर चुलीमागे आठवड्याला दोन पायल्या ज्वारी. हुकूम गावात पोचायला एक दिवस लागला, चुली मांडायला तेवढाही लागला नाही.

गल्लीच्या टोकाला सोबतचा कोतवाल नत्थुजी थांबला. "हे मनकर्णाबाईचं घर. तिघी जावा हायेत. दोघी रांडावल्या, धाकटीचा नवरा बडनेऱ्याले रुळाच्या कामावर गेला. अन् पोट्टे तं इचारूच नका!"

घरात एकच चूल होती, जुनी, काळीकुट्ट. तिच्यापुढे बसून मनकर्णाबाई भाकर थापत होती. खाटेवर म्हातारा सासरा. परातीभोवती पोरं. भिंतीला टेकून धाकटी जाऊ कौशल्या तान्ह्याला पाजत होती.

"चुली किती?" वामनरावांनी विचारलं.

"एक."

वामनरावांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. आता इतक्यांचं खोटं लिहिलं, तिथे एकीचं लिहायला काय हरकत होती! "बाई, तुम्ही तिघी जावा. तीन सांगा, मी तीन लिहितो. सहा पायल्या मिळतील."

कौशल्याने झटकन मान वर केली. "म्या कालच म्हटलं तुमाले बाई! दोन पायल्यांत इतक्या जणायचं काय होईन? माह्यं दूध आटून राहिलं. त्या कोपऱ्यात मांडू द्या मले चूल. नावाचीच तं मांडाची हाये!" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

मनकर्णाबाई तिच्यावर रागावली नाही. हातातली भाकर तिने तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि वामनरावांकडे वळली.

"सायेब, एक जण घरी रांधते, पोट्टे पाह्यते, बुढ्याले जेवू घालते. म्हणून दोघी कापूस वेचाले जाते. आता ही बाळंतीण हाये तं मधली एकटीच गेली. तीन चुली झाल्या का तिघी घरी! मंग वेचाले कोण जाईन?"

"पण नावालाच मांडायची ना..."

"नावाची चूल नावाची राह्यत नाही बाप्पा! आज ज्वारी येगळी येईन, उद्या ते येगळी शिजीन. परवा माह्यं पोट्टं हिच्या परातीत हात घालीन तं ही त्याचा हात झटकीन. हिचा काई गुन्हा नाही. मी बी हिच्या पोट्ट्याचा झटकीन. एकच लिवा."

कौशल्याने पदराने डोळे पुसले.

वामनरावांचा बोरू कागदावर तसाच राहिला. एकोणीस वर्षं कारकुनी केली, तीन कचेऱ्यांचं पाणी प्याले, पण घर कशावर उभं असतं हे त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं आणि हातातल्या कागदाची लाज वाटली. ज्यांनी घर मोडलं त्यांना चार पायल्या, आणि हिने घर धरून ठेवलं तर हिला दोन! असला कसला हिशेब?

त्यांनी 'चुली' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'खाणारी तोंडं'.

नत्थुजी घाबरला. "अरे बाप रे! अकोल्याचे सायेब लय कावतीन! गेल्या महिन्यात एकानं हुकूम बदलला तं त्याले घरी बसवलं!"

"कावू देत," वामनराव म्हणाले. "चूल जेवत नाही, माणसं जेवतात, असं मी त्यांना तोंडावर सांगेन. घरी बसवलं तर बसेन. चला, गल्ली पुन्हा पहिल्यापासून मोजायचीय. पण आधी हे घर. सांगा बाई."

मनकर्णाबाई एकेकाच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवत सांगत गेली आणि वामनराव लिहीत गेले. म्हातारा एक. जावा तीन. पोरं सात. कौशल्याच्या मांडीपाशी ते अडले.

"हे अंगावर पिणारं," ते ओशाळून म्हणाले. "खाणाऱ्यांत कसं धरू? साहेब तेवढंच काढून माझा सगळा कागद खोटा ठरवतील."

कौशल्याने लेकराला पदराखाली आणखी जवळ ओढलं. मनकर्णाबाईने क्षणभर विचार केला.

"खरं हाये तुमचं. त्याले नका धरू," ती म्हणाली. "कौशल्याले दोनदा लिवा."