नणंदेचा घास

परातीतली सगळ्यांत मोठी, पाकाने जड झालेली जिलेबी हिराबाईने निवडून कडेला ठेवली आणि परात घेऊन ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. तिथे तिची नणंद गिरजा पंगतीत बसली होती. हिराबाईच्या मुलाच्या, शेखरच्या लग्नाची ही शेवटची पंगत. घरच्या बायका आणि जवळचे पाहुणे तेवढे जेवायचे राहिले होते.

गिरजेच्या पत्रावळीवर डाळ होती, वांग्याची भाजी होती आणि घरून फडक्यात बांधून आणलेली नागलीची भाकर होती. भाच्याच्या लग्नाला भाकर बांधून आणणारी बाई टोकावड्याच्या आसपास दुसरी कुणी सापडली नसती.

"भात नाय, गोड नाय. रोज सकाळी फाट्यापातूर चालत जाते न् येते," शेजारची बाई कौतुकाने सांगत होती. "म्हनून तर अशी हलकी झालीय."

गिरजा मान खाली घालून हसली. ते हसणं पाहून हिराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

टोकावड्याच्या आरोग्य शिबिरात दोघींच्या रक्तात साखर निघाली ती एकाच दिवशी. हिराबाईनेही तेव्हापासून गोडाला हात लावला नव्हता. चहा बिनसाखरेचा, भात मुठीएवढा. घरातलं कुणी उठायच्या आत ती खळ्यामागच्या बांधावरून भराभर चालून येई. पण तिचं अंगच असं आडवं, की उतरायचं नाव घेत नव्हतं. त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही, आणि आपण होऊन सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. तो कडू चहा गिळताना कुणीतरी एकदा शाब्बास म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते राहिलं बाजूला, परवा तिचा नवरा अनंताच तिला म्हणाला, "आमच्या गिरजेकडनं काय तरी शीक." तेव्हापासून हिराबाईच्या मनात ही जिलेबी शिजत होती.

शेवटच्या पंगतीत वरमाईने नणंदेला आपल्या हाताने घास भरवायचा, असा त्यांच्यात रिवाज होता. नणंदेने तोंड फिरवलं तर ती रुसली असं धरायचं. मग मांडवात कुजबुज, आणि पुढे वर्षानुवर्षं बोलणं. गिरजेला नाही म्हणायला जागाच नव्हती. हे हिराबाईला पक्कं ठाऊक होतं. रिवाजाचा पुढचा भाग मात्र रागाच्या भरात तिच्या डोक्यातून साफ गेला होता.

"आ कर गो," तिने जिलेबी पुढे केली. व्हिडिओवाल्याने दिवा दोघींवर धरला. बायका माना उंचावून बघायला लागल्या.

गिरजेने आधी जिलेबीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "वयनी, तुला म्हायती हाय ना?"

"शेखरच्या लग्नात पन नाय म्हनतेस?" हिराबाई मुद्दाम मोठ्याने बोलली.

गिरजेने तोंड उघडलं. अर्धी जिलेबी आत गेली, पाक हनुवटीवर ओघळला. बायका हसल्या, कुणी टाळ्याही वाजवल्या. हिराबाईच्या जिवाला गार वाटलं. अगदी घटकाभरच.

"आता नणंदेनं वयनीला भरवायचं," पंगतीतली म्हातारी आत्या, गोजाबाई म्हणाली.

हिराबाईला रिवाजाचा तो भाग आता आठवला. उरलेली अर्धी जिलेबी गिरजेने तिच्या हातातून केव्हाच काढून घेतली होती. दिवा तोंडावर होता. इतक्या दिवसांचं, कुणीही न पाहिलेलं, सगळं आता एका घासात जाणार होतं. मी खात नाही म्हणावं, तर या देहाकडे बघून विश्वास कोण ठेवणार? बायका पदर तोंडाला लावून हसतील. शिवाय नणंदेच्या हातचं नाकारलं, हे आणखी वर. तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

ओठांना काहीच लागलं नाही. तिने डोळे उघडले, तर गिरजाच ती जिलेबी चावत होती. दोन्ही गाल भरलेले.

"बघा, वयनीच्या वाटंचं पन हिनंच खाल्लं," गोजाबाई म्हणाली. सगळी पंगत हसली आणि दिवा दुसरीकडे वळला.

गिरजा पाणी प्यायली. हनुवटी पुसत, फक्त वहिनीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तू शिबिरापासनं गोड खात नायस. भाऊबीजंला माझ्या ताटात करंज्या वाढल्यास, सोता एक पन तोंडात नाय घातलीस. पहाटं बांधावर चालाय गेलीस, ते पन. मी बघत व्हते."

हिराबाई परात धरून तशीच उभी राहिली. एवढ्या दिवसांत कुणाच्या तरी नजरेस ते आलं होतं. पण ते हिच्याच नजरेस यावं, आणि इथेही हिनेच पुढे जावं, याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"उद्या हितंच हाय मी," गिरजा म्हणाली. "सकाळी तुझ्यासंगती बांधावर येते. हे खाल्लेलं उतरवाय पायजे."

हिराबाईने पदराने डोळे टिपले आणि परात कमरेला लावली.

"ये," ती म्हणाली. "पन माझ्या मागनं चालायचं."