उजव्या गुडघ्याची पट्टी

अरे, उड्या मारमारून थोरल्याचा गुडघा निकामी झालेला डावा, पण पट्टी बांधायचा उजव्याला! बास्केटबॉलमध्ये समोरचे पट्टी बघूनच अंगावर येतात ना, येऊ देत की धडधाकट पायावर! ही शक्कल ठाऊक फक्त धाकट्या भावाला. आज तोच समोर, दुसऱ्या संघातून. थोरला आज लंगडला असता तर त्याला संघातून नारळच मिळाला असता. धाकट्याचा कोच ओरडत होता, “पट्टीवर जा, पट्टीवर!” धाकटा आपला इमानेइतबारे उजव्यालाच धडका देत राहिला आणि थोरला बास्केट करत सुटला. शेवटी कोच धाकट्यावरच उखडला, “एक म्हातारा अडवता येईना? बस बाहेर, कायमचा!” धाकटा बाकावर जाऊन बसला. थोरल्याने बॉल टाकला, त्याच्याशेजारी फतकल मारली, पट्टी सोडून डाव्या गुडघ्याला बांधली. “कोच, मी फसवलं याला. घ्या परत.” “दादा, गप्प ना!” “खेळ रे. मी दमलो.”