मागचा दिवा

पंच्याण्णव सालची गोष्ट. दिवस बुडाला तसा रंभाजी नेवाशाकडच्या जायकवाडी धरणाच्या फुगवट्यातून एकटाच होडी वल्हवत घरी निघाला. बुडालेल्या जुन्या गावठाणावर आला आणि त्याला मागं लांबवर एक मिणमिणता दिवा दिसला. रंभाजी थांबला की दिवा थांबायचा, निघाला की निघायचा. एवढ्यात वाऱ्यावर अर्धवट हाक आली आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. अंधारातल्या अशा हाकेला ओ देऊ नये, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता.

त्यानं झटकन आपला कंदील विझवला. पाण्याखालच्या पडक्या भिंती न् बाभळी त्याला पाठ होत्या. त्या चुकवत तो जीव खाऊन वल्हं मारत सुटला. काठाजवळ येऊन वळून पाहिलं, तर मागचा दिवाही दिसेनासा झाला होता.

काठावर त्याची बायको भामाबाई वाट बघत उभी होती.

"वाचलो गं," तो धापा टाकत म्हणाला. "चकवा लागला हुता मागं."

भामाबाई त्याच्या पाठीमागच्या अंधारात बघतच राहिली.


"मंग आपली माधुरी न् जावई कुठं राह्यले? पान्यातली वाट ठाव न्हाई त्यांना, म्हनून मीच सांगावा धाडला हुता, बाबांच्या कंदिलामागं मागं या."