नाना पुढच्या सीटवर

पिकअप पुढून झुकलेली दिसते म्हणून परेशने सांवेर रोडवरून लेवलिंग किट आणलं आणि घरच्या पोर्चमध्येच बसवलं. गाडी पुढून दोन इंच उचलली गेली, आणि बाहेर काढताना टप पोर्चच्या छताला अडकला. शेवटी वजनदार वडिलांना, नानांना, पुढच्या सीटवर बसवलं. गाडी दबली, निघाली.

रिटायर झाल्यापासून दहापर्यंत लोळणारे नाना आता रोज सातला इस्त्रीचा शर्ट घालून सीटवर हजर असायचे. गेटबाहेर उतरताना परेशला म्हणायचे, "भिया, मी नसतो तर तुझी नोकरी गेली असती."

महिन्याभराने परेशची बायको शोभना त्याला म्हणाली, "अहो, ते किट काढून टाका ना. फालतूमध्ये नानांना रोज उठावं लागतं."

"केव्हाच काढलं. हळू बोल."