उपाशीपोटीचा आकडा

यंत्रावर तीनशे बारा आले, आणि इलाने सासऱ्यांच्या चहाशेजारची दोन बिस्किटं उचलून घेतली.

"उपाशीपोटी तीनशे बारा, बाबा. काल बाहेर काय खाल्लं?"

"तुनं वाढलं तेच," नरहरराव म्हणाले. "ज्वारीची भाकर अन् चवळीची भाजी. दुसरं काय खाऊन राह्यलो मी?"

इलाचा विश्वास बसला नाही. नालवाडीजवळच्या शाळेत ती गणित शिकवायची. माणसं थापा मारतात, यंत्र कशाला मारेल, असा तिचा साधा हिशेब होता. शिवाय नरहररावांचा गोडावर किती जीव ते सगळ्या आळीला ठाऊक होतं.

हिवाळ्यात त्यांच्या रक्तात साखर निघाली तेव्हा घर हादरलं होतं. साखरेपायीच त्यांच्या थोरल्या भावाचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि सांगितलं, रोज सकाळी घरीच मोजा, आकडा मला पाठवा, त्यावरून गोळी कमी-जास्त करू. आकडा ताब्यात राहिला तर डोळे, मूत्रपिंडं, पाय, सगळं शाबूत राहील. इलाच्या नवऱ्याने, साकेतने, हौसेने यंत्र आणलं आणि तो आपल्या नोकरीवर चंद्रपूरला निघून गेला. पुढचं सगळं अर्थातच इलाच्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी तिने सुई काढली तर सासरे पांढरेफटक पडले. सुनेसमोर चक्कर यायची लाज, म्हणून उठून खोलीत गेले. सासूबाईंनी, सुधाबाईंनी, यंत्र हातातून घेतलं.

"आण इकडे. मी पाहतो काय ते. तू डबा भर आपला."

तेव्हापासून रोज सकाळी खोलीचं दार लागायचं. थोड्या वेळाने सुधाबाई यंत्र बाहेर आणायच्या, इला आकड्याचा फोटो काढून डॉक्टरांना धाडायची. डॉक्टर दवाखान्यात येऊन तपासणीला रक्त द्यायला सांगत. नरहरराव दर वेळी काहीतरी निमित्त काढून टाळत.

आकडा मात्र चढत गेला. इलाने भात बंद केला, मग बटाटा, मग आंब्याचा नुसता वासही. सुधाबाईंनीही सगळं सोडलं.

"हे खात नाईत तं माह्या घशाखाली कसं उतरीन?"

नवऱ्यासोबत पथ्य पाळून बिचाऱ्या वाळून चालल्या होत्या. पोलकी अंगावर लोंबायला लागली. नरहररावांसाठी नवस बोलून त्या गिरडच्या दर्ग्याची टेकडी अनवाणी चढून आल्या होत्या. टाचेला फोड आला तो अजून ओलाच होता, मलम लावूनही. त्यात वर्ध्याचा एप्रिल महिना. माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. रात्रीही सासूबाईंची उठबस चालू असायची. काळजी लागली की झोप कुठली, असं इलाला वाटायचं. त्यांची तिला फार दया यायची, आणि तेवढाच सासऱ्यांचा राग.

डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या, मग जास्त ताकदीची दिली.

तीनशे बाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर इला तडक मोतीलालच्या मिठाईच्या दुकानात गेली. नरहररावांची रोजची बैठक तिथेच असायची.

"बाई, देवाशपथ सांगतो," मोतीलाल कळवळून म्हणाला. "पेढ्याकडं पाहत बी नाईत ते. चहा बी फिका पेतेत. आमच्यात बसून चेहरा असा करतेत का आमचा माल खपत नाई."

दोस्त दोस्ताला सांभाळून घेणारच, असं म्हणत ती घरी आली आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"तुम्हाला पाय नको असेल तर स्पष्ट सांगा, बाबा. आम्ही तरी कशाला जीव टाकायचा?"

एवढं ती आजवर कधी बोलली नव्हती. नरहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी खरंच काई खात नाई वं इला. काऊन विश्वास नाई तुले?"

दुसऱ्या सकाळी, रविवारी, तीनशे चाळीस आले. डॉक्टरांनी गोळी आणखी वाढवली. ती इलाने स्वतः, समोर उभं राहून गिळायला लावली.

दुपारी ताटावर बसलेले नरहरराव घामाने भिजले. हात थरथरू लागले, जीभ जड झाली, आणि भाकरीचा तुकडा हातात धरूनच ते आडवे झाले. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखाना गाठेपर्यंत इलाच्या डोळ्यांसमोर फक्त कालचं आपलं बोलणं होतं.

नर्सने त्यांच्या बोटाला सुई टोचली. तशा गुंगीतही ते लहान मुलासारखे ओरडले.

"शेहेचाळीस," नर्स म्हणाली, आणि धावपळ उडाली. ग्लुकोजची बाटली लागली. काही वेळाने त्यांनी डोळे उघडले, बायकोला ओळखलं, पाणी मागितलं. इलाला भिंतीशी टेकून रडू फुटलं.

"साखर एकदम खाली गेली होती," डॉक्टर म्हणाले. "आणखी उशीर झाला असता तर हे उठले नसते. सकाळी तीनशे चाळीस आणि दुपारी शेहेचाळीस? मी तुमच्या आकड्यावरून गोळ्या देत होतो."

इलाने मोबाइलवरचे फोटो पुढे केले. एकही आकडा तिने मनाने लिहिलेला नव्हता.

डॉक्टरांनी ते एकेक करून पाहिले. सुधाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. वाटेत घेतलेली पाण्याची बाटली त्यांनी संपवली होती.

"काकू, मोजता तुम्हीच ना? बोटाला गोड काही लागलेलं असलं तर आकडा चुकतो. आधी बोट नीट धुता ना?"

"धुतो ना, साबण लावून चांगलं," सुधाबाई जरा दुखावल्या. "अन् ह्यायले सुई सहन होत नाई जी, म्हणून बोट तं पैल्या दिवसापासून माहंच देऊन राह्यली मी. दोघायचं खाणं एकाच भांड्यातलं, मंग आकडा काय येगळा येईन?"