अठ्ठेचाळीसचा गट

साल १९९३. वजनकाट्यावर पोरगी डोळे मिटून उभी होती आणि तिचे वडील आकडा वाचत होते. अठ्ठेचाळीस किलो नऊशे ग्रॅम. नऊशे ग्रॅम जास्त. ज्यूदोच्या निवड स्पर्धेचं वजन घेणं बंद व्हायला अजून एक तास होता. टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

पोरगी एकोणीस वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणत. पंधराव्या वर्षी तिने अठ्ठेचाळीस किलोच्या गटात पदक आणलं आणि वडिलांसाठी तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला. पुढे ती चार बोटं उंच झाली, खांदे भरले. रेघ हलली नाही. वडील टपाल कचेरीत कारकून, आणि तेच तिचे प्रशिक्षक. कचेरीने टाकून दिलेला पत्रं तोलायचा काटा त्यांनी स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. पाव, बटाटा, अंडं, सगळं त्यावर चढे. "अरे, पोर आहे ती, पार्सल नव्हे," असं त्यांची थोरली बहीण म्हणे. चिमणीची आई गेल्यापासून घर या आत्याच्याच हातात होतं. वडील हसत आणि बटाट्याची एक फोड काढून घेत.

शेवटच्या आठवड्यात फक्त भाज्यांचं सूप उरलं, तेही बिनमिठाचं, मीठ अंगात पाणी धरतं म्हणून. पाणी चमच्याने. दुपारच्या उन्हात चिमणी रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारी. तिसऱ्या दिवशी जिना चढताना तिचे पाय लटपटले. तिने भिंत धरली आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधत असल्याचं सोंग केलं. नाडी बांधलेलीच होती. आत्याने पाहिलं.

त्या दिवसापासून वजन अडलं. वडील वही उघडून बसत, फेऱ्या वाढवत. आकडा एकोणपन्नासच्या आसपास घुटमळत राहिला.

आता त्यांनी बॅगेतून रेनकोट काढला. तासभर आहे, जिने चढउतार कर, घाम येईल, होईल, असं म्हणाले. चिमणीने मुकाट्याने एक हात बाहीत घातला. दुसरी बाही तिला सापडेना. हात नुसताच हवेत चाचपडत राहिला.

वजनानंतर खायचा डबा घेऊन आत्या भिंतीशी उभी होती. ती मध्ये आली.

"सूपमध्ये मी लोणी घालत होते. मीठही. हात सैल सोडून. काय बोलायचं ते मला बोल."

बोलली ती चिमणी. पहिल्याच घोटाला कळलं होतं, असं तिने जमिनीकडे पाहत सांगितलं. मग प्यायलीस का, वडिलांनी विचारलं.

"भूक लागली होती, बाबा."

चार वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

वडिलांनी टेबलाशी जाऊन अर्जावरचा अठ्ठेचाळीस खोडला आणि बावन्न लिहिलं. परत आले तेव्हा आत्याने डब्याचं झाकण काढलेलं होतं.

त्या दिवशी चिमणी दुसऱ्याच लढतीत हरली. संघात तिचं नाव आलं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. बावन्नच्या गटात मात्र ती आणखी सहा वर्षं खेळली. आता एका शाळेत खेळ शिकवते, अंगाने भरली आहे, तिचं हसू मैदानापलीकडे ऐकू येतं. आत्या तिच्याच घरी म्हातारी झाली आणि तिथेच गेली. वडील तिच्या पाच वर्षं आधीच गेले.

ते जायच्या आदल्या हिवाळ्यात दोघं भावंडं मटार सोलत बसली होती. माझ्यामुळे पोरीची जागा गेली, असं आत्या पुन्हा एकदा म्हणाली. वडिलांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"ताई, तिच्या ताटात नाही ते माझ्याही नाही, म्हणून त्या आठवड्यात मीही तेच सूप पीत होतो. रोज वाट बघायचो, तुम्हा दोघींपैकी कुणीतरी बोलेल म्हणून."